जुन्या जलमार्गांच्या कडेने सायकलवाटा : कृष्णा कालवा आणि तासगावचा परिसर

केवळ उताराच्या बळावर पाणी दूरवर नेणारा कोणताही जलमार्ग, मग तो जमिनीखालचा दगडी नहर असो, डोंगराच्या कडेने काढलेला पाट असो किंवा दोन-तीन तालुके ओलांडून जाणारा कालवा असो, एका अटीने बांधलेला असतो: त्याचा उतार शक्य तितका सारखा आणि अगदी थोडा ठेवावा लागतो. उतार जास्त झाला तर प्रवाहाचा वेग वाढून काठ खचतात आणि पाणी आपली उंची लवकर गमावून बसते, त्यामुळे पुढच्या उंच शेतांना ते पोचत नाही. उतार फारच कमी पडला तर गाळ साचतो आणि पाणी तुंबते. या अटीपायी टेकडी आली की जलमार्ग तिला वळसा घालतो, ओढा आला की जलसेतूवरून, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या पुलावरून, पलीकडे जातो, आणि वळसा फार लांबचा पडत असेल तेथे खोल खोदाई किंवा बोगदा करून पुढे सरकतो. पायांच्या बळावर चालणाऱ्या सायकलीलाही अशीच वाट मानवते, कारण चढ आला की सायकलस्वाराची दमछाक सुरू होते आणि तीव्र उतार आला की ब्रेकवरचा हात सोडता येत नाही. म्हणून जगात अनेक ठिकाणी जुन्या जलमार्गांच्या कडेची जमीन फिरण्यासाठी आणि सायकल चालवण्यासाठी खुली करण्यात आली, आणि हाच विचार कराडपासून तासगावपर्यंतच्या कृष्णाकाठाला लावून पाहण्यासारखा आहे.

हा विचार करताना जलमार्गांचे प्रकार वेगळे ठेवणे आवश्यक आहे, कारण सगळ्यांना एकच न्याय लावता येत नाही. पहिला प्रकार जमिनीखालून जाणाऱ्या जुन्या नहरांचा आणि खापरी नळांचा, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत बसवून केलेल्या वाहिन्यांचा. दुसरा उघड्या पाटांचा आणि कालव्यांचा. तिसरा लोखंडी किंवा काँक्रीटच्या मोठ्या जलवाहिन्यांचा, ज्यांच्या दोन्ही बाजूंना देखभालीसाठी मोकळी पट्टी राखलेली असते. याहून महत्त्वाचा भेद म्हणजे निवृत्त झालेला जलमार्ग आणि चालू जलमार्ग यांतला. पाश्चात्त्य देशांतील बहुतेक नावाजलेल्या वाटा निवृत्त जलमार्गांवर आहेत, तर तासगावच्या परिसरातले जलमार्ग आजही पिके जगवत आहेत, आणि या एका फरकामुळे तिकडचे नमुने येथे जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

न्यूयॉर्क शहराला पाणी पुरवण्यासाठी 1837 ते 1842 या काळात बांधलेला जुना क्रोटन जलमार्ग हे या क्षेत्रातले सर्वांत अभ्यासनीय उदाहरण होय. विटांच्या अस्तराचा हा बंदिस्त नहर सुमारे 66 किलोमीटर लांबीचा होता आणि त्याचा उतार दर किलोमीटरला जेमतेम 21 सेंटिमीटर इतका राखलेला होता. नहरावर मातीचा थर असल्याने त्याच्या माथ्यावरून लोक पूर्वीपासूनच चालत असत. 1968 मध्ये राज्य शासनाने त्यातील सुमारे 42 किलोमीटरचा पट्टा ऐतिहासिक उद्यान म्हणून ताब्यात घेतला. हवा खेळती राहावी म्हणून उभारलेले दगडी मनोरे आजही वाटेवर ठरावीक अंतराने दिसतात, आणि वाट बहुतांशी मातीचीच ठेवण्यात आली आहे. हार्लेम नदीवरचा या जलमार्गाचा 1848 मधील उंच पूल बरीच वर्षे बंद राहून 2015 मध्ये पादचारी आणि सायकलस्वारांसाठी पुन्हा खुला झाला. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरासाठी 1914 मध्ये सुरू झालेला ओशॅनसी जलमार्ग 1997 मध्ये सेवेतून निघाला आणि डोंगरउतारावरून जाणारा त्याचा देखभालीचा रस्ता तीसहून अधिक किलोमीटरची सायकलवाट बनला. दरीच्या तळापासून बराच वर असूनही ही वाट जवळजवळ सपाट आहे.

प्रशासनाच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयोगी नमुना मॅसॅच्युसेट्स राज्याचा आहे. तेथील जलप्राधिकरणाने 2012 मध्ये आपल्या जुन्या जलमार्गांची जमीन खुली करताना मालकी सोडली नाही. जे गाव किंवा नगर आपल्या हद्दीतील पट्टा वापरू इच्छिते त्याला परवाना द्यायचा, त्या पट्ट्याची निगा आणि शिस्त त्या गावाने पाहायची, आणि दुरुस्तीची गरज पडली तर प्राधिकरणाने वाट बंद करायची, अशी ही व्यवस्था आहे. याउलट कॅलिफोर्नियातील मोठ्या चालू कालव्याच्या काठचा रस्ता सायकलस्वारांसाठी खुला करून पुढे त्याचा काही भाग पुन्हा बंद करावा लागला. चालू पाण्याच्या काठी मनोरंजनाचा हक्क नेहमी दुय्यमच राहतो, आणि ते योग्यही आहे.

महाराष्ट्रात आणि लगतच्या भागात जमिनीखालच्या नहरांची परंपरा समृद्ध आहे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवल्यानंतर हर्सूलच्या बाजूने आणलेली नहर-ए-अंबरी, त्याच शहरात 1744 च्या सुमारास उभी राहिलेली पाणचक्की आणि तिला पाणी देणारा नळ, पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात 1749 पासून कात्रजच्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणलेला दगडी नळ, आणि विजापुरात तोरवीहून व 1651 च्या बेगम तलावातून आलेल्या वाहिन्या, ज्यांच्या मार्गावर दाब आणि गाळ सांभाळण्यासाठी चौकोनी बुरूज उभे आहेत, ही सारी एकाच विद्येची अपत्ये आहेत. या नहरांवर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी आणि आत उतरण्यासाठी बांधलेली उभी तोंडे, असतात, आणि त्यांच्या रांगेवरून नहराचा मार्ग जमिनीवर ओळखता येतो. तरीही यांच्या माथ्यावर सलग सायकलवाट आखणे आता शक्य नाही, कारण कात्रजचा नळ आणि नहर-ए-अंबरी या दोन्हींवर शहरे वाढून बसली आहेत आणि उच्छ्वास कुठे घरांच्या परसात, कुठे रस्त्याच्या मधोमध आले आहेत. येथे वाटेपेक्षा खुणेची गरज अधिक आहे: शहरातल्या रस्त्यांवरून सायकलने जाणाऱ्याला उच्छ्वासामागून उच्छ्वास शोधता यावा एवढी फलकांची सोय झाली तरी हे नहर लोकांच्या नजरेत येतील, आणि जे नजरेत असते ते पाडताना निदान कोणीतरी हटकतो.

साताऱ्याचा कासचा पाट ही याच कुळातली वेगळी गोष्ट आहे. ब्रिटिश काळात बांधलेल्या कासच्या तलावाचे पाणी डोंगराच्या कडेने काढलेल्या उघड्या पाटातून यवतेश्वरच्या बाजूने सातारा शहराकडे आणले गेले. पाटाची वाट अरुंद आहे आणि तिच्या आसपास पश्चिम घाटाचे ते रान आहे ज्यातील कासचे पठार 2012 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. मदेरा बेटावरील अशाच डोंगरी पाटांच्या काठच्या वाटा केवळ चालणाऱ्यांसाठी राखल्या आहेत, आणि कासच्या पाटालाही तोच नियम शोभेल. समतल आहे म्हणून प्रत्येक जलमार्गावर सायकल नेलीच पाहिजे असे नाही.

जलवाहिन्यांच्या कडेच्या पट्टीचा प्रयोग मुंबईत झाला. तानसा तलावाचे पाणी 1892 पासून शहराला मिळू लागले आणि त्याच्या अजस्र नळांच्या कडेने कालांतराने दाट वस्ती उभी राहिली. सुरक्षेच्या कारणासाठी जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटरची पट्टी मोकळी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि मोकळ्या होणाऱ्या जागेवर मुलुंड ते धारावी आणि घाटकोपर ते शीव असा सुमारे 39 किलोमीटरचा सायकलमार्ग महापालिकेने आखला. ‘हरित वारी जलतीरी’ असे त्याचे सुरेख नाव ठेवले. कल्पना म्हणून ती चांगली होती, परंतु तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. या पट्टीतून हलवलेल्या हजारो कुटुंबांना माहुल येथे पाठवण्यात आले, तेथील तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या सान्निध्यातील प्रदूषित हवेविरुद्ध त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले, आणि अखेर 2019 मध्ये न्यायालयाने त्यांना तेथे सक्तीने न ठेवता दरमहा 15,000 रुपये भाडे द्यावे असे सांगितले. कोणाचे घर हलवून काढलेल्या वाटेवर मोकळ्या मनाने सायकल चालवता येत नाही. हा निकष पुढच्या प्रत्येक आराखड्याला लावला पाहिजे.

पुण्यातील कालव्यांचा अनुभव निराळा आहे. खडकवासला धरण 1879 मध्ये पूर्ण झाले आणि मुठेचे दोन कालवे त्यातून निघाले. डाव्या कालव्याचा शहरातला भाग केव्हाच कालवा राहिला नाही. एरंडवण्याच्या परिसरात ‘कॅनॉल रोड’ हे नाव तेवढे त्याची आठवण ठेवून आहे, आणि पाण्याची समतल रेघ जाऊन तिच्या जागी मोटारींचा रस्ता आला आहे. उजवा कालवा अजून वाहता आहे. सप्टेंबर 2018 मध्ये दांडेकर पुलाजवळ त्याचा काठ फुटून पाणी वस्तीत शिरले, तेव्हा काठाची देखभाल किती महत्त्वाची असते हे शहराला कळले. खडकवासला ते फुरसुंगी असा बोगदा काढून या कालव्याचे पाणी जमिनीखालून न्यायचे घाटत आहे. तसे झाल्यास शहराच्या मधून जाणारी एक अखंड, समतल पट्टी मोकळी होईल, आणि तिचे काय करायचे याचा निर्णय पाणी बंद होण्याआधी घ्यावा लागेल, कारण डाव्या कालव्याच्या बाबतीत तो नंतर घेतला गेला.

या पार्श्वभूमीवर कृष्णा कालव्याकडे पाहिले तर त्याचे महत्त्व लक्षात येते. कराडच्या वर खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून नदीच्या डाव्या काठाने काढलेल्या या कालव्याचे काम 1860 च्या दशकातले, म्हणजे दख्खनमधील आधुनिक सिंचनाच्या अगदी आरंभीचे. नीरेचा डावा कालवा 1885 मध्ये सुरू झाला, म्हणजे कृष्णा कालवा त्याच्याही आधीचा. त्या वेळी कराड, वाळवा आणि तासगाव हे सारे एकाच सातारा जिल्ह्यात होते; 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, आणि पुढे जुन्या तासगाव तालुक्यातील कृष्णाकाठचा भाग पलूस तालुक्यात गेला. आज दोन जिल्ह्यांत विभागलेला हा कालवा एका जिल्ह्याचे काम म्हणून बांधला गेला होता, आणि त्याच्या काठची वाटही दोन जिल्ह्यांनी मिळूनच आखावी लागेल.

कालव्याची रचना समजून घेतली म्हणजे त्याच्या काठी वाट कशी येते ते कळते. डोंगराच्या पायथ्याने जाणाऱ्या कालव्याची वरची बाजू नैसर्गिक जमिनीला टेकलेली असते आणि खालची बाजू मातीच्या भरावाने तोललेली असते. या भरावाच्या माथ्यावर पाटबंधारे खात्याचा सेवापथ असतो, म्हणजे कालवा निरीक्षकाला आणि पाटकऱ्याला, शेतापर्यंत पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला, फिरता यावे म्हणून ठेवलेला मुरमाचा रस्ता. आसपासची माणसे त्याला ‘कॅनॉलचा रस्ता’ म्हणतात. ठरावीक अंतराने विमोचक लागतात, ज्यांच्या दारांतून पाणी चारीत आणि चारीतून पोटचारीत जाते. कालवा जास्त भरला तर पाणी ओढ्यात सोडण्यासाठी सांडवे असतात. आणि शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांसाठी अरुंद पूल असतात. पाटकरी पिढ्यान्पिढ्या सायकलवरूनच फिरत आला, त्यामुळे या रस्त्यावर सायकल नवी नाही. नवा असेल तो केवळ फिरण्यासाठी येणारा सायकलस्वार.

या वाटेवरून जाताना जे दिसते ते महामार्गावरून कधीच दिसत नाही. कालवा हीच बागायत आणि जिरायत यांची सीमारेषा होती: रस्त्याच्या खालच्या अंगाला कृष्णेपर्यंत पसरलेला ऊस, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला, जेथे उताराने पाणी चढू शकत नाही तेथे, ज्वारी-बाजरीचे माळ आणि सागरेश्वराच्या उघड्या टेकड्या. दीडशे वर्षे ही रेघ लोकांच्या नशिबाची रेघ होती. एकाच गावात कालव्याखालचे रान असलेला आणि कालव्यावरचे रान असलेला यांच्या सोयरिकीही वेगवेगळ्या ठिकाणी होत. पुढे ताकारी, टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी, म्हणजे पंपांनी पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवणाऱ्या योजनांनी, ही रेघ पुसायला सुरुवात केली आणि वरच्या अंगालाही द्राक्षबागा आल्या. शेतीच्या इतिहासाचा एवढा मोठा धडा एवढ्या कमी श्रमात देणारी दुसरी वाट या भागात क्वचितच सापडेल, आणि सायकलचा वेग त्यासाठी अगदी योग्य आहे: मोटारीतून हा फरक निसटतो, पायी चालणाऱ्याला तो पुरा पाहायला दिवस पुरत नाही.

वाटेच्या आसपासची ठिकाणे इतिहासाच्या दृष्टीने इतकी जवळजवळ आहेत की आराखडा करणाऱ्याला काय घ्यावे यापेक्षा काय वगळावे याचीच चिंता पडेल. कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि तेथील यशवंतराव चव्हाणांची समाधी. शेजारी ओगलेवाडी, जेथे 1916 मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला आणि ज्याच्या प्रभाकर कंदिलाने खेड्यापाड्यांतल्या रात्री उजळल्या. शेणोली, जेथे 1943 मध्ये प्रतिसरकारच्या, म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातील समांतर सरकारच्या, कार्यकर्त्यांनी सरकारी खजिना नेणारी रेल्वे लुटली. देवराष्ट्रे हे यशवंतरावांचे जन्मगाव आणि त्याला लागून उजाड टेकड्यांवर झाडे लावून माणसांनी घडवलेले सागरेश्वर अभयारण्य. जुन्या औंध संस्थानातले आणि प्रतिसरकारचे केंद्र राहिलेले कुंडल. 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी. आणि नदीकाठी औदुंबरचे दत्तक्षेत्र. किर्लोस्करवाडी वसली तेव्हा त्या जागी निवडुंगाचे रान होते, आणि लोखंडी नांगर करणारा कारखाना अशा ठिकाणी उभा राहिला की जेथून एका बाजूला पाण्याखालची शेती आणि दुसऱ्या बाजूला कोरडवाहू शेती दोन्ही हाकेच्या अंतरावर होत्या.

आराखड्याला बळ देणारी आणखी एक गोष्ट रेल्वेची आहे. पुणे-मिरज लोहमार्ग कराडपासून पुढे शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशी स्थानके घेत याच डाव्या काठाने जातो. परदेशांतल्या यशस्वी सायकलवाटांच्या जवळपास रेल्वेचे स्थानक असते, कारण सायकलस्वाराला एका दिशेने जाऊन गाडीने परत येता येते. येथे ती सोय आयती आहे. सवारी गाडीत सायकल नेण्याचे नियम सुटसुटीत झाले आणि स्थानकावर सायकल भाड्याने मिळू लागली, तर शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनाही एका दिवसात एक टप्पा सहज पुरा करता येईल.

कृष्णा कालवा तासगाव शहराला स्पर्श करत नाही, म्हणून पलूस-भिलवडीपासून तासगावपर्यंतचा दुवा गावरस्त्यांनी जोडावा लागेल. तासगाव हे या वाटेचे स्वाभाविक टोक आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, दाक्षिणात्य धाटणीच्या सात मजली गोपुराचे गणपती मंदिर, भाद्रपद शुद्ध पंचमीचा रथोत्सव, 3 सप्टेंबर 1942 रोजी मामलेदार कचेरीवर तिरंगा फडकवणारा मोर्चा आणि आजची बेदाण्याची मोठी बाजारपेठ, हे सारे एका गावात आहे. शिवाय शहराजवळून वाहणारी येरळा पुढे ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि या नदीचाही सिंचनाचा इतिहास जुना आहे: वर खटाव तालुक्यात एकोणिसाव्या शतकातच येरळेवर बंधारा घालून कालवे काढले गेले, त्यांना आधार म्हणून नेरचा तलाव झाला, आणि मायणीचा तलाव पुढे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध झाला. 1980 च्या दशकात खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी याच नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले आणि त्याचे पाणी भूमिहीनांसह सर्वांना समान वाटण्याचा आग्रह धरला. कृष्णाकाठची वाट आणि येरळेकाठची वाट तासगावला एकत्र आल्या तर मुबलक पाण्याचा आणि दुर्मिळ पाण्याचा असे दोन्ही इतिहास एका प्रवासात वाचता येतील. कण्हेर धरणाचे पाणी साताऱ्याहून या भागापर्यंत आणणारा आरफळ कालवा हा तिसरा धागा आहे. उपसा योजनांचे कालवे मात्र तूर्त बाजूला ठेवावेत. पंपगृहे आणि उच्च दाबाच्या वाहिन्या यांच्या जवळ हौशी वर्दळ नको.

अडचणी खऱ्या आहेत आणि त्या टाळून कोणताही आराखडा टिकणार नाही. पहिली पाण्याची. आवर्तन सुरू असताना, म्हणजे ठरलेल्या पाळीने कालव्यात पाणी सोडलेले असताना, प्रवाह वरून शांत दिसला तरी जोरदार असतो, आणि ज्या भागात काँक्रीटचे अस्तर आहे तेथे पडलेल्या माणसाला निसरड्या उतारावरून वर येता येत नाही. ठरावीक अंतरावर पायऱ्या, आडव्या साखळ्या आणि विमोचकांपाशी कठडे केल्याशिवाय कोणताही टप्पा खुला करू नये. दुसरी उसाची. नोव्हेंबर ते मार्च या गळीत हंगामात सेवापथावरून उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जातात, रस्ता एका वाहनापुरता असतो, आणि ऊसतोड मजुरांची लहान मुले त्याच्याच कडेला वावरत असतात. हवा फिरण्याजोगी असते ती नेमकी याच महिन्यांत. म्हणून सकाळच्या ठरावीक वेळा आणि ऊसवाहतूक नसलेले टप्पे यांचा मेळ कारखान्यांशी बोलून घालावा लागेल. तिसरी द्राक्षांची: ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर बागांत ब्लोअरने औषधांची फवारणी सुरू होते, आणि तासगावच्या बाजूचे गावरस्ते त्या दिवसांत पहाटे टाळलेले बरे.

जमिनीचाही विचार हवा. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात चाकांना अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि ओल्या भरावावर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्या तर त्यांतून पाणी झिरपून काठच कमकुवत होतो. जून ते सप्टेंबर वाट बंद ठेवणे हे पर्यटकांच्या सोयीपेक्षा कालव्याच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. कोरड्या दिवसांत सराट्याचे काटे आणि वेड्या बाभळीच्या फांद्या यांनी ट्यूब पंक्चर होतात, आणि यावर डांबराचा उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतील. तो मान्य करू नये. डांबरी झालेला सेवापथ वर्षभरात दुचाक्यांचा आणि मालमोटारींचा जवळचा रस्ता बनतो, भरावावरचा बोजा वाढतो, आणि पाटकऱ्यालाच आपल्या रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागते. मुरूम दाबून घेणे, काटेरी झुडपे काढणे, सावलीसाठी करंज आणि कडुनिंब लावणे, तेही भरावाच्या पायथ्याला, कारण माथ्यावरच्या झाडांची मुळे काठ पोखरतात, इतके पुरेसे आहे.

कायद्याने सेवापथ हा सार्वजनिक रस्ता नाही. तो सिंचन व्यवस्थेचा भाग आहे आणि त्याच्या वापराचे नियमन 1976 च्या महाराष्ट्र सिंचन अधिनियमाखाली कालवा अधिकाऱ्यांकडे येते. परंतु परवानगीने आणि शिस्तीने असा वापर होऊ शकतो याचा दाखला देशातच आहे: 1854 मध्ये सुरू झालेल्या गंगेच्या कालव्याच्या पटरीवरून, म्हणजे काठच्या रस्त्यावरून, दर श्रावणात लाखो कावडिये चालत जातात आणि त्या दिवसांपुरती प्रशासन वेगळी व्यवस्था उभी करते. तासगाव-कराड भागात याच्या शतांश गर्दीचीही अपेक्षा नाही. येथे महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने मालकी आणि अंतिम अधिकार आपल्याकडे ठेवून ग्रामपंचायतींना आणि पाणी वापर संस्थांना, म्हणजे एका चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून पाण्याचे वाटप पाहण्यासाठी स्थापलेल्या संस्थांना, टप्प्याटप्प्याने वार्षिक परवाने द्यावेत, ही मॅसॅच्युसेट्सची रीत सर्वांत व्यवहार्य ठरेल. सायकलस्वारांकडून येणारे माफक शुल्क चारी साफ ठेवण्यासाठी त्याच संस्थेला मिळाले, तर शेतकऱ्याला बाहेरचा माणूस अडथळा वाटणार नाही. उलट काठाला भगदाड पडले किंवा कोणी चोरून नळी टाकली, तर बातमी देणारा आणखी एक डोळा मिळेल.

पर्यटन विकासाच्या मोठ्या घोषणांपासून ही कल्पना दूर ठेवणे हिताचे आहे. कमानी, रंगीत दिवे, काँक्रीटचे हत्ती आणि उपाहारगृहांची रांग यांची येथे गरज नाही. औदुंबरच्या दर्शनाला येणाऱ्यांना चहा देणारी माणसे आणि तासगावात बेदाणा विकणारी दुकाने आधीच आहेत. सुरुवात एका छोट्या टप्प्याने व्हावी. ताकारी ते किर्लोस्करवाडी हा भाग त्यासाठी विशेष योग्य आहे, कारण दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक आहे, एका बाजूला सागरेश्वराच्या टेकड्या आणि दुसऱ्या बाजूला कृष्णेचे खोरे आहे, आणि कुंडल जवळ आहे. एक हंगाम तो चालवून पाहावा, पाटकरी आणि शेतकरी यांच्या तक्रारी लिहून घ्याव्यात, आणि त्यानंतरच खोडशीच्या बंधाऱ्यापर्यंत वर आणि भिलवडीपर्यंत खाली जावे. त्याच वेळी कालव्यावरचे जुने दगडी जलसेतू, मोऱ्या आणि विमोचक यांची छायाचित्रांसह नोंद व्हावी. दुरुस्तीच्या नावाखाली चुन्यातले घडीव दगड काढून काँक्रीट ओतले गेले की दीडशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांच्या हातचे काम कायमचे जाते.

या साऱ्याला घाई आहे ती एका कारणाने. बाष्पीभवन आणि गळती वाचवण्यासाठी उघड्या चाऱ्यांऐवजी बंदिस्त नलिकांतून पाणी देण्याकडे राज्याचे धोरण वळले आहे, आणि पाण्याच्या हिशेबाने ते योग्यच आहे. परंतु नलिका जमिनीखाली गेली की वरची पट्टी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. दोन हंगामांत ती शेजारच्या शेतात मिसळते किंवा तिच्यावर गाळे उभे राहतात, आणि शेकडो किलोमीटरची समतल वाट तुकड्यातुकड्यांनी नाहीशी होते. पुण्याच्या डाव्या कालव्याचे जे झाले ते कृष्णाकाठी होऊ द्यायचे नसेल, तर जी चारी बंदिस्त होईल तिच्या माथ्यावरचा हक्काचा पट्टा मोजून, दगड रोवून, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी राखीव असल्याची नोंद सात-बाराच्या इतर हक्कांत त्याच आदेशाने करावी, आणि सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा.